रमचा अंदाज

चहाच्या कंपनीत तिला सगळे 'नाक' म्हणायचे. टेबलावर साठ पेले ओळीनं मांडलेले असत. ती एकेकातला चमचाभर चहा फुर्रकन ओढून, जिभेवर घोळवून थुंकून टाकायची, आणि पान कुठल्या उतारावरचं, कुठल्या महिन्यातलं, ते सांगून मोकळी व्हायची. घरी मोठा भाऊ तिला नाकूच म्हणे.

गेल्या उन्हाळ्यात आठवडाभर ताप आला. ताप उतरला आणि तिला वास येईनासा झाला. "परत येईलही, नाहीही," डॉक्टर म्हणाले. तिनं कुणाला सांगितलं नाही. कामावर ती चहाचा रंग बघायची, शेजारच्या सहकाऱ्याच्या भुवया बघायची आणि त्यावरून ठोकून द्यायची. सहा महिने निभावलं. पण साबण, संत्रं, आईची शाल, सगळं काचेपलीकडे ठेवल्यासारखं झालं होतं.

वर्षअखेरच्या सुट्टीला दादा-वहिनी आले. सुट्टीचं थरांचं गोड करायचं काम दरवर्षी नाकूचंच. सकाळच्या उन्हात तिनं आईचं मोठं काचेचं भांडं घेतलं. तळाशी केकचे तुकडे लावले, त्यावर रम शिंपडली, मग चेरी, मग गार झालेलं पिवळं कस्टर्ड. पुन्हा केक, पुन्हा रम. रमचं माप तिच्याकडे कधी नव्हतंच. वास कपाळापर्यंत चढला की हात थांबायचा.

आज काही चढेना. काचेतून ऊन आत शिरलं होतं, केक हळूहळू तपकिरी होत होता, आणि ती पाण्याखाली चालावं तशी सावकाश ओतत राहिली. शेवटी क्रीमचा थर दिला तेव्हा बाटली जवळपास रिकामी होती.

वहिनी दारातच थबकली. "अगं बाई, नाकूताई! गुत्ता उघडलास की काय?"

"यंदा जरा सढळ हातानं घातलीय," ती कशीबशी हसली.

जेवणानंतर सगळ्यांनी दोनदा घेतलं. तासाभरात दादा हातात चमचा तसाच धरून सोफ्यावर घोरायला लागला. वहिनी वाऱ्यानं हलणारा पडदा बघून खुदुखुदु हसत होती. हसता हसता तीही उशीवर कलंडली.

आई खिडकीशी खुर्चीत होती. "खोली कशी होडीसारखी डुलतेय गं," ती म्हणाली. "छान वाटतंय." मग तशाच आवाजात म्हणाली, "तुला वास येत नाही ना?"

नाकूच्या हातातली वाटी खाली आली. "कधी कळलं तुला?"

"दूध करपलं होतं त्या दिवशी. अख्खं घर करपट वासानं भरलं, आणि तू शेगडीकडे पाठ करून गाजरं किसत होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. आज रमनं माझी जीभ सैल केली बघ."

नाकूला आधी हसू फुटलं, मग रडू. आईनं शालीचं टोक पुढे केलं. तिनं त्यात तोंड पुसलं आणि स्वतःची वाटी संपवली. गार, मऊ, मध्येच चेरीचा चिवट तुकडा, आणि घशाखाली उतरणारी ऊब. एवढं कळत होतं. ऊन जमिनीवरून सरकत खुर्चीच्या पायाशी आलं तेव्हा चौघंही झोपलेली होती.

सुट्टी संपल्यावर ती सरळ साहेबांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी सहा महिन्यांच्या नोंदी मागवल्या. सहकाऱ्याला मात्र राहवलं नाही. "सहा महिने माझ्या भुवया चाखत होतीस?"

चवीचं टेबल गेलं. सहा महिन्यांचे नमुने पुन्हा तपासले गेले. अकरांबाबत तिचा अंदाज चुकलेला निघाला. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. तिला पान वाळवायच्या मजल्यावर पाठवलं. तिथं मुठीत पान चुरून ते किती वाळलं ते आवाजावरून ओळखायचं असतं. पहिला महिनाभर तिला कुणी काही विचारलं नाही. मग हळूहळू लोक मूठ पुढे करून विचारायला लागले, "हे बघ गं, झालं का?"

हिवाळा सरता सरता एका सकाळी ती कोठाराचं दार उघडत होती. काहीतरी उग्र, जळक्या रबरासारखं, तिच्या नाकात शिरलं आणि लगेच गेलं. चहाचं नव्हतं, चांगलंही नव्हतं, पण वास होता. ती किल्ली कुलपात तशीच ठेवून, हळूहळू श्वास ओढत, तो पुन्हा येण्याची वाट बघत उभी राहिली.