राबात सापडलेली रंगीत गोणी

मित्रांनो, मी एक जुनी गोणी आहे. तागाची, दोन-तीन गोण्या उसवून एकत्र शिवलेली. तुम्ही म्हणाल, गोणीचं कसलं आलंय आयुष्य! पण आज माझा जीव टांगणीला लागला आहे, म्हणून घाईघाईने सांगते. मधेच थांबले तर रागावू नका.

रिहे गावात रंभाबाईंच्या शेतात, भाताची रोपं करतात त्या वाफ्यात मी पडले आहे. माझ्याखाली शेण आहे, वर पालापाचोळा आणि वाळक्या फांद्या. याला राब म्हणतात. पावसाळ्याआधी राब भाजला की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. फाटक्या गोण्याही राबातच जातात, ही इथली रीतच आहे. पण मी नुसती फाटकी गोणी नाही हो. मी एक चित्र आहे!

थांबा, कुणी आलं का? नाही, कोंबडी आहे. पाला उकरते आहे मेली.

तर, माझा जन्म गिरणीत झाला. भात भरून मी रंभाबाईंच्या माळ्यावर बसले. पुढे उंदरांनी कुरतडलं, तेव्हा उंबऱ्याशी पाय पुसायला आले. चिखलाचे पाय अंगावर घेत मी तिथे झिजत होते. माझ्याकडे कुणी खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही.

वाकून पाहिलं ते ओदिलबाईंनी. त्या फ्रान्सच्या. चित्रं काढतात, कविता करतात. एका ओळखीच्या माणसाच्या फार्महाऊसवर चार दिवसांसाठी आल्या, आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी करणाऱ्या बायका बघत बांधावर बसल्या आणि रंभाबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिल्या. मधूनमधून मायदेशी जातात, पण परत येतात. मराठी त्या रंभाबाईंकडूनच शिकल्या, त्यामुळे बोलतात अगदी शेतातलं.

ओदिलबाईंना माझ्यावर चित्र काढायचं होतं, म्हणून रंभाबाईंनी दाभण घेऊन मला आणखी एक-दोन गोण्यांना जोडलं. साड्यांना खळ करतात तशी भाताची पेज आणि त्यात चुना घालून माझ्या अंगाला दोनदा फासली. मला वाटलं, आता या दोघी मिळून माझा पापड करणार. पण मी वाळले आणि ओदिलबाईंनी रंग घेतला. ब्रश कमी, तळहात जास्त. माझ्यावर झाड नाही, डोंगर नाही, माणूस नाही. नुसता हिरवा, त्यात घुसलेला मातकट पट्टा आणि एका अंगाला पिवळं काहीतरी.

शेजारचे भैरूतात्या बघायला आले. डोकं खाजवून म्हणाले, "बाई, ह्यात गाय कुटं हाय?"

"गाय न्हाई तात्या. गाय उटून गेल्यावं तितं पडल्यालं ऊन हाय."

तात्या दोन पावलं मागे सरले. मग म्हणाले, "व्हय, ऊन हाय खरं." त्या दिवशी मी किती फुगले असेन, विचारू नका!

माझ्या पाठीवर ओदिलबाईंनी कोळशाने कविता लिहिली, त्यांच्या भाषेत. रंभाबाईंना वाचून दाखवली आणि मग अर्थ सांगितला: 'तू रोप लावतेस, मी रंग. दोघींची नखं सारखीच मळकी.' रंभाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "पुन्यांदा म्हण." पुढे माझ्यासारख्या आणखी गोण्या रंगल्या, माझ्या धाकट्या बहिणी, आणि बावधनला चित्रांच्या एका दालनात आम्ही सगळ्या लागलो. लोक चपला बाहेर काढून यायचे आणि हळू बोलायचे. तेच माझे सुखाचे दिवस.

मग ओदिलबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उन्हाने रंग उडू नये म्हणून रंगाची बाजू आत घालून त्यांनी आमच्या गुंडाळ्या केल्या आणि पडवीत ठेवल्या. रिकाम्या गोण्याही तिथेच होत्या आणि माझ्या पाठीवरची कोळशाची अक्षरं पुसट होऊन नुसते डाग दिसत होते. ओदिलबाई ऑपरेशनला पुण्याला गेल्या आणि आज रंभाबाई त्यांना आणायला गेल्या आहेत. घरी राहिला किशोर, रंभाबाईंचा मुलगा. पिरंगुटच्या कारखान्यात नोकरी, आज सुट्टी. डोंगराला कुंपणं पडल्यामुळे पाला कमी मिळाला, म्हणून त्याने पडवीतल्या सगळ्या गोण्या उचलल्या. मला उलगडून बघितलं असतं तर! त्याच्या बायकोने, वैष्णवीने विचारलंही, "ह्या बाईंच्या न्हाईत ना?"

"रंग पुसायची फडकी असतील. बाईला काय, नवी मिळत्याल. वारा पडू दे, मग काडी लावतो."

मित्रांनो, वारा पडला आहे. फांद्या हलायच्या थांबल्या. किशोर वाफ्याच्या कडेला वाकला. धूर! माझ्या खालच्या गुंडाळीने पेट घेतला. ती निळी होती, माझी धाकटी बहीण. मला हाक मारता येत नाही. गोणीला तोंड असतं, पण आवाज नसतो.

रिक्षा आली. कुणीतरी धावतंय.

"किशोर! आरं पडवीतल्या गोन्या कुटं हायेत? बोल की!"

"राबात घातल्या. का गं आई?"

रंभाबाई तशाच आगीत वाकल्या. काठी शोधली नाही, पाणी मागितलं नाही. माझा काठ दोन्ही हातांनी धरून ओढला आणि मी बांधावर येऊन पडले. बाकीच्या आतच राहिल्या.

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या ओदिलबाई वैष्णवीचा हात धरून आल्या. आता मला कुरवाळतील, रडतील, असं मला वाटलं. पण त्या रंभाबाईंपुढे बसल्या. "हात दाव. आदी हात दाव, रंभा." आणि किशोरने आणलेल्या बादलीत त्यांनी ते हात बुडवून धरले. दोघी रडताहेत. किशोर मान खाली घालून उभा आहे.

आधी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ज्या हातांनी मला शिवलं, तेच हात भाजलेत. ते आधी थंड होऊ देत, माझी काही तक्रार नाही.

मात्र मित्रांनो, माझ्या पिवळ्या कोपऱ्यात एक ठिणगी अजून धुमसते आहे. ताग हळूहळू जळतो, वरून कळत नाही. सगळ्यांची पाठ माझ्याकडे आहे. हातांना आराम पडला की त्याच बादलीतलं उरलेलं पाणी माझ्यावर ओता, एवढं कुणीतरी किशोरला सांगा ना!