याले अर्थ नाही

ॲम्प्लिफायर लावला रे लावला की सेक्टर दोनच्या त्या क्वार्टरमध्ये घूंऽऽ सुरू व्हायची. जुन्या कॅसेटवर चंपा भीमगीत गात होती, पण ऐकू यायची ती नुसती घरघर.

चंपाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं ते होळीच्या आधी. आवाज परत येईल, पण तोंड उघडावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि ही बाई! फाटका आवाज निघेल या लाजेनं तिनं तोंडाला कुलूपच लावलं. स्वतःचा जुना आवाज ऐकून तरी आई गुणगुणेल, या एकाच आशेवर तिच्या लेकीनं, प्रेरणानं, पावर हाउस भागातल्या बाजारातून ॲम्प्लिफायर आणला होता.

आधी तो तापून बंदच पडला. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले तिचे बाबा, लहानू, चष्मा चढवून खाली बसले.

"चार-चार ओमचे स्पीकर बाजूबाजूनं जोडले तू. मिळून दोनच झाले, याले आठ लागते. एकामागं एक जोड."

तसं जोडल्यावर तापणं थांबलं. घूं मात्र हटेना. बाबांनी ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्याला हात लावला, घूं दबली. हात काढला, पुन्हा सुरू. ते मान हलवत उठले.

"याले अर्थ नाही."

प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अर्थ कावून नाही? आईचा आवाज आहे तो! तुमी हार मानून राहिले, मी नाही मानत!"

"अवं येडे, अर्थ म्हंजे अर्थिंग! माती सुकली का ते लागत नाही," म्हणत बाबा बादली घेऊन अंगणात गेले.

अर्थिंगचा पाइप भिंतीपाशी पुरलेला होता. तांदूळ धुतलेलं पाणी चंपा रोज तिथंच ओतायची. ऑपरेशननंतर ते कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही, आणि उन्हानं तिथली माती पार भेगाळली होती. घराचा अर्थ इतकी वर्षं आईनंच ओला ठेवला होता, हे प्रेरणाला आत्ता कळत होतं. तिनंही दुसरी बादली उचलली.

घूं गेली. चंपाचा आवाज घरभर खणखणला, आणि प्रेरणाला भडभडून आलं. स्वयंपाकघरातून चंपा दाराशी येऊन उभी राहिली.

दुसऱ्या कडव्याला पुन्हा बारीक घूं ऐकू आली. प्रेरणा वैतागून वायरकडे झेपावली. बाबांनी तिचा हात धरला.

"राहू दे. ते मशीन नोहे. तुही माय होय."