बावीस पानं आणि एक कावळा

कमलिनीबाई पांढरीपांड्यांच्या कॉलनीवरून विमानं इतकी खालून जात, की एकाची गच्चीवर वाळत घातलेली लुंगी थेट दिल्लीला उतरली म्हणतात. ते सोडा, लुंगीवाला आता हयात नाही. पण श्रावणातला प्रकार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडला. धावपट्टी लांबवल्यापासून तिचं टोक कॉलनीच्या भिंतीपाशी आलं होतं, आणि भिंतीच्या कडेने कुणी ठेकेदार शहरभरचा कचरा आणून टाकू लागला होता. त्या ढिगावरची एक घार धावत्या विमानाच्या इंजिनात शिरली. पायलटने करकचून ब्रेक दाबले. विमान भिंतीच्या इतकं जवळ येऊन थांबलं, की खिडकीतल्या बाईचं मंगळसूत्र किती पदरी आहे ते कमलिनीबाईंनी गच्चीवरून मोजलं. दोन पदरी. वाट्या जराशा चेपलेल्या.

'घाबरू नका, काही होणार नाही' असं कुणी म्हटलं, की गॅसच्या रात्रीपासून भोपाळचा माणूस आधी घरातली पोरं मोजतो. कॉलनीने त्याच आठवड्यात सह्या गोळा केल्या. ढीग हलला पाहिजे, मागणी एवढीच. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या सत्यजितने नकाशा काढला. पालिकेचं उत्तर यायला महिना लागला. पक्षी ढिगामुळे येत नाहीत, लोक गच्च्यांवर अन्न टाकतात म्हणून येतात, असं त्यात होतं. पालिकेचे साहेब जातीने येऊन दोन्हीकडचे पक्षी मोजतील आणि त्यावर निकाल देतील. रविवारी, दुपारी बारा वाजता.

कमलिनीबाई सचिवालयात तेहतीस वर्षं फायली लावत होत्या. पत्र आलं की त्या आधी तारीख बघत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि बोलल्या, "सर्वपित्री अमावास्या."

हॉलमध्ये जमलेल्या बावीस घरांच्या बावीस लोकांनी कॅलेंडरकडे माना वळवल्या. त्या दिवशी बाराच्या सुमाराला प्रत्येक गच्चीवर कावळ्यासाठी पान वाढलेलं असणार. खीर, वडे, कढी, भात. भोपाळभरचे कावळे हजेरी लावणार आणि साहेब ते मोजणार.

"जानबूझकर निवडलाय दिवस," शेजारची विनिता म्हणाली. तिला मराठीत राग येतच नसे.

"तारीख बदलून मागू," सत्यजित म्हणाला.

"मग पुढचं पत्र दिवाळीत येईल. तोवर किती घारी, किती विमानं?"

"पण वहिनी, पान ठेवायचं नाही म्हणजे? आमचे आजोबा जिवंतपणी पाच मिनिटं उशीर झाला तर ताट भिरकावायचे."

"ठेवायचं, पण इथे नाही. माझी मंजूषा बाग सेवनियात राहते. शहराचं दुसरं टोक. गच्ची मोठी आहे. बावीस पानं तिथे जातील."

"एकाच गच्चीवर? कुणाचं पान कुणाचा कावळा खाईल?"

"सत्यजित, तुम्ही पानांवर नंबर टाका. कावळ्यांचं मी बघते."

कुणी हसलं, कुणी कुरकुरलं. तेव्हा कमलिनीबाई उठून उभ्या राहिल्या. "शांताराम गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिला महालय. मी त्यांचं पान पाठवते आहे. आता तुमच्या आजोबांचं बोला."

सत्यजितने नंबर टाकायला पेन काढलं.

मनातलं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटचे आठ दिवस त्यांच्या नवऱ्याच्या, शांतारामांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. वडे म्हणजे त्या माणसाचा जीव, आणि तो उपाशी गेला. पानावरचा वडा उचललेला त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय महालय करत नाहीत, म्हणून दीड वर्ष त्या या दिवसाची वाट बघत होत्या. पण बारा वाजता साहेब त्यांच्याच गच्चीवर येणार होते, आणि सत्यजितच्या भरवशावर साहेब सोडायचे म्हणजे तो नकाशाच समजावत बसला असता.

रविवारी दहा वाजता बावीस डबे टेम्पोत चढले. वड्यांचा डबा कमलिनीबाईंनी विनिताच्या मांडीवर ठेवला. "याच्यावर काही ठेवू नकोस," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी गच्ची धुतली, शिताचा कण राहिला नाही अशी, आणि प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या.

साहेब दुर्बीण घेऊन आले. बावीस गच्च्या बघितल्या. पुन्हा बघितल्या.

"आज तो आप लोगों का... वो रहता है ना?" त्यांनी विचारलं.

"रहता है," कमलिनीबाई म्हणाल्या. "आप गिनिए."

ढिगावर चारशे तीनपर्यंत मोजून साहेबांचं बोट दुखलं. घारी, बगळे, आणि एक गिधाड, जे साहेबांकडे बघत होतं, असं सत्यजित अजून सांगतो. गच्च्यांचा रकाना कोराच होता, तेवढ्यात कमलिनीबाईंच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला. मान वाकडी करून त्याने स्वच्छ गच्ची बघितली, मग बाईंकडे बघितलं.

"एक," साहेबांनी लिहिलं.

"लिहा. तो घरचाच आहे."

साहेबांनी आकड्यांखाली सही केली. ढीग पंधरा दिवसांत हलवण्याचा शेरा कमलिनीबाईंनी स्वतः सांगून लिहून घेतला, तारखेसकट. जिन्यावरून साहेबांची पावलं उतरतात न उतरतात तोच मंजूषाचा फोन आला.

"आई, एकवीस पानं साफ झाली. बाबांचंच तेवढं तसंच आहे. एकही कावळा जवळ येत नाही."

कमलिनीबाईंनी टाकीकडे बघितलं. तो तिथेच होता. स्वयंपाकघरात दोन वडे उरले होते. हात तिकडे जायला निघाला होता. त्यांनी तो पदरात गुंडाळला.

"इथे मिळणार नाही," त्या हळू म्हणाल्या. "इथे आता कुणाच्याच गच्चीवर मिळणार नाही. बाग सेवनियाला जा. लेकीचंच घर आहे, लाजायला काय झालं?"

कावळा उडाला. त्या वाटेला बसने दीड तास लागतो. अकराव्या मिनिटाला मंजूषाचा फोन आला. आधी वडा उचलला, मग कढी सांडली, खिरीला तोंड लावलं नाही.

"खीर त्यांना कधीच आवडली नाही," कमलिनीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वही घेऊन गच्चीवर आल्या. ढिगाकडे तोंड करून खुर्ची मांडली आणि पानाच्या डोक्यावर लिहिलं: दिवस पहिला, उरले चौदा.