गनीचाचांच्या ट्रकाचं फाउंडेशन

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत योगिनी पाष्टेची फॅब्रिकेशनची शेड होती. गेटं, ग्रिलं, टाक्यांचे स्टँड असली कामं तिच्याकडे यायची. त्यामुळे गनीचाचांचा जुना, लांब नाकाचा ट्रक दोरखंडानं ओढत दारात आणला गेला, तेव्हा मागच्या फाळक्याचं काम असणार असंच तिला वाटलं.

"फाळका नाय गो, फाउंडेशन," गनीचाचा म्हणाले. "दुसरं इंजिन बसवायचंय."

चाचा बत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून आता घरी बसले होते. ट्रक त्यांच्या वडलांचा. मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला होता, म्हणून त्यांनी भंगारात निघालेल्या मिनीबसचं धडधाकट डिझेल इंजिन मिळवलं होतं. आरटीओचे कागदही करून घेतले होते. पण ज्या ब्रॅकेटांवर इंजिन चासीला, म्हणजे ट्रकाच्या सांगाड्याला टेकतं, ते फाउंडेशनच जुळत नव्हतं. नवी ब्रॅकेटं बनवायला कुणी तयार होईना.

"मी हे कधी केलेलं नाही, चाचा."

"म्हणून तर आलो. ज्यांनी केलंय, ते सगळे नाय म्हणाले."

योगिनीला हसू फुटलं आणि काम तिच्या गळ्यात पडलं.

तिनं चेनब्लॉकला इंजिन टांगलं आणि हळूहळू खाली सोडलं. इंजिनाच्या पोटातलं तेलाचं चेंबर थेट पुढच्या अ‍ॅक्सलवर आदळलं. वर घ्यावं, तर बॉनेट लागेना. तीन दिवस ते धूड तसंच लोंबकळत राहिलं. चौथ्या दिवशी ती ट्रकाखाली शिरली, पाठीवर पडून बराच वेळ बघत राहिली आणि तिथूनच ओरडली, "चाचा, चार इंच मागं घेऊया! चेंबर अ‍ॅक्सलच्या मागं उतरतंय. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तेवढा लेथवर कापून घ्यावा लागेल."

मग पुठ्ठ्याचे नमुने कापले गेले, त्यावरून जाड प्लेटी कापल्या गेल्या. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारून तिनं इंजिन टेकवून पाहिलं, दोनदा तोडलं, पुन्हा जोडलं. सगळं सुरळीत चाललं होतं, पण ब्रॅकेटांखाली रबर घालायची वेळ आली आणि चाचा अडून बसले.

"रबर कशाला? आमच्या जहाजावर इंजिन सरळ बोल्टांनी आवळलेलं असायचं. तसूभर हलायचं नाय."

"जहाज केवढं, चाचा! हा ट्रक आहे. इंजिनाचा धक्का कुठंतरी जिरायला नको?"

"बत्तीस वर्षं काय गोट्या खेळलो मी?"

योगिनीनं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली. वयानं मोठा माणूस आणि ट्रकही त्याचाच.

इंजिन चालू करायच्या दिवशी फातिमाचाची डब्यात सांदणं घेऊन आल्या आणि हौसेनं केबिनमध्ये चढून बसल्या. चाचांनी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात पेटलं आणि अख्खा ट्रक हीव भरल्यासारखा थरथरायला लागला. आरसा गर्रकन फिरला. डॅशबोर्डचा खण आपोआप उघडला आणि आतले पाने-स्क्रूड्रायव्हर चाचींच्या मांडीवर सांडले.

"अवो, बंद करा! माझी कवळी बाहेर येतेय!"

चाचांनी इंजिन बंद केलं. योगिनीनं ओठ दाबून धरले होते. चाचा उतरले, बॉनेट उघडून वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. ब्रॅकेट आणि चासी यांच्या मधे लोखंडाचे सुटे ठोकळे होते.

"हे ठोकळे काढले, तर इथं बरोबर रबर बसेल गो."

"बसेल की."

"म्हणजे तू आधीच जागा ठेवलीस?"

"तुम्ही ऐकत नव्हतात. मग काय करू?"

चाचा तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम एवढ्या मोठ्यानं हसले, की शेजारच्या शेडमधली माणसं डोकावली. "आमच्या चीफ इंजिनियरलासुद्धा कधी सुचलं नसतं!"

दुपारी रबरं बसली. संध्याकाळी तिघं हातखंब्यापर्यंत चक्कर मारायला निघाली. चढावर चाचा कान देऊन बसले होते. इंजिन मात्र एका लयीत गुरगुरत राहिलं. योगिनीला वाटलं, आजवर केलेली गेटं आपापल्या जागी उभीच राहिली. हे पहिलंच काम, जे तिला बसवून घेऊन निघालं होतं.

नाक्यावर चहाला थांबली, तर ट्रकाभोवती घोळका जमला. कुणी फोटो काढले, कुणी हॉर्न वाजवून पाहिला. पांढऱ्याशुभ्र शर्टातल्या एका गृहस्थांनी बॉनेटखाली बघून विचारलं, "मिस्त्री कोण?"

चाचांनी योगिनीकडे बोट दाखवलं. ते गृहस्थ हसले. "थट्टा करता होय!"

"थट्टा कसली?" फातिमाचाचींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "खालून बघा की जरा. वेल्डिंग बघा पोरीचं."

त्या गृहस्थांनी क्षणभर आपल्या शर्टाकडे पाहिलं, मग ट्रकाकडे. आणि खरोखरच बाह्या सारून, तांबड्या धुळीत उताणे होऊन, ते ट्रकाखाली सरकले.