जोडीनं बसणाऱ्या

बोरगाव मागं पडलं आणि राज्याची हद्द दिसली, की मागच्या सीटवरून गुणवंताभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "पासपोर्ट काढा हो. फॉरेन आलं."

सुरुवातीला सगळे हसायचे. मग हसणं कमी होत गेलं, कारण हसलं की तोंड आतून सोलल्यासारखं दुखायचं. आता नुसतं कोणीतरी 'हं' करायचं, आणि गाडी चालवणारा वैभव आरशात पाहून म्हणायचा, "व्हिसा माझ्याजवळ आहे, काका. झोपा तुम्ही."

सौसरहून नागपूर काही फार लांब नाही. पण तिथल्या दवाखान्यात आपलं कार्ड पुढं केलं, की खिडकीतला माणूस ते उलटसुलट करून पाहायचा आणि विचारायचा, "एमपीचे का?" तेव्हा चंद्रकलाबाईंना खरंच वाटायचं, आपण कुठल्यातरी परक्या मुलखातून आलो आहोत.

गाडीत पेशंट तिघंच. मोहगावचे गुणवंताभाऊ, जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून गळा गमावून बसलेले. रामाकोन्याची वंदना, संत्र्याच्या बागेवर राबणारी, चाळिशीची, तिची जीभ. आणि सौसरच्या चंद्रकलाबाई, साठीला टेकलेल्या. त्यांच्या हिरडीत गाठ निघाली होती. डॉक्टर रेडिएशन म्हणायचे, हे तिघं 'शेक' म्हणायचे. रोज शेक घ्यायचा, रोज परत यायचं. रविवार तेवढा सुटीचा.

शेक घेताना हलायचं नाही, म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याचा जाळीदार प्लास्टिकचा साचा केला होता. टेबलावर निजवायचे, साचा तोंडावर बसवायचे आणि दोन्ही बाजूंनी खटाखट अडकवायचे. चंद्रकलाबाईंना वाटायचं, आपल्याला कोणी जिवंतपणी डब्यात भरून राहिलं आहे. बाहेर आल्यावर गालावर, कपाळावर जाळीचे ठसे उठलेले असायचे.

ते साचे आतल्या मांडणीवर ओळीनं ठेवलेले. चंद्रकलाबाईंचा आणि वंदनाचा शेजारीशेजारी. गुणवंताभाऊंनी ते पाहिलं आणि दोघींची नावंच बदलून टाकली.

"जेठी अन् धाकटी," ते म्हणाले. "महालक्ष्म्यांचे मुखवटे असेच राहतात ना फळीवर. या दोघी जोडीनंच बसतात."

"मंग तुम्ही कोण, भाऊ?" वंदनानं विचारलं.

"मी नैवेद्य. शिजून राहिलो."

त्या दिवशी मात्र दोघी दुखतं विसरून हसल्या होत्या.

भादव्यात खऱ्या महालक्ष्म्या आल्या. त्या बसायच्या आदल्या दिवशी, परतीच्या वाटेवर, चंद्रकलाबाईंनी खिडकीबाहेर पाहतच सांगितलं, "उद्यापासून मी येणार नाही. तीन दिवस घरी महालक्ष्म्या आहेत."

मधे खंड पाडू नका, पाडला तर केलेलं वाया जाईल, हे डॉक्टरांनी तिघांनाही बजावलं होतं. आणि तीन दिवस घरी राहिलेली बाई चौथ्या दिवशी गाडीत बसत नाही, हे कोणी सांगायची गरज नव्हती. चंद्रकलाबाईंनाही ते ठाऊक होतं. त्या थकल्या होत्या. पाणी गिळायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. महालक्ष्म्या म्हणजे आयतं सोज्वळ कारण मिळालं होतं.

"सून आहे ना घरी?" गुणवंताभाऊ म्हणाले.

"ऋतुजाचं पहिलंच वर्ष आहे. तिला काय समजते?"

सौसर जवळ आलं तेव्हा वंदना म्हणाली, "ठीक आहे. मंग मी बी नाही येत."

"तू काऊन नाही येत? तुह्या घरी तं बसत बी नाहीत."

"एकटी कुठं बसते का, ताई? जोडी राहते."

"मला फसवून राहिली का तू?"

"नाही. मी बी थकली."

चंद्रकलाबाई रागानं गाडीतून उतरल्या. दार जरा जोरातच लावलं.

रात्रभर त्यांचा राग गेला नाही. आपण मरायचं ठरवलं तर ही बया सोबत निघते म्हणजे काय? तिच्या पोरीची बारावी व्हायची आहे. पहाटे अंधारातच त्या स्वयंपाकघरात गेल्या. ऋतुजानं मुखवटे पुसून पाटावर ठेवले होते. त्यातला धाकटीचा मुखवटा जरा कलला होता. त्यांनी तो सरळ केला.

बाहेर हॉर्न वाजला. कोणाला न्यायला आला हा, असं पुटपुटत त्या दारात गेल्या. गाडीत वंदना बसलेली, डोक्यावरून पदर, मांडीवर पाण्याची बाटली.

"येणार नव्हती ना तू?"

"गाडीत बसली आहे फक्त," वंदना म्हणाली. "तुम्ही नाही आल्या तं इथंच उतरते. ऋतुजाला भाज्या चिरू लागते. सोळा भाज्या लागतात म्हणे." आणि तिनं खरंच एक पाय बाहेर टाकला.

चंद्रकलाबाईंनी त्या पायाकडं पाहिलं. टाचेच्या भेगांत बागेतली काळी माती होती. मग त्या आत वळल्या, चप्पल घातली आणि ऋतुजाला म्हणाल्या, "मी संध्याकाळी येईपर्यंत महालक्ष्म्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नको. मांडवाची फुलं तेवढी आणून ठेव."

गाडीत बसल्यावर त्या वंदनाला म्हणाल्या, "पाय आत घे, बेशरम."

"पासपोर्ट आहे ना, वहिनी?" मागून गुणवंताभाऊ म्हणाले.

परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. चंद्रकलाबाईंना एकटीनं उतरवेना, म्हणून वंदना हात धरून दारापर्यंत आली. दोघींच्या चेहऱ्यांवर जाळीचे ठसे. उंबऱ्यात ऋतुजा हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. महालक्ष्म्या आत घेताना म्हणायचं म्हणून सासूनं शिकवलेलं तिनं दिवसभर घोकलं होतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं, "लक्ष्मी आली का? कोणत्या पावलानं आली?"

"वैभवच्या गाडीनं," वंदना म्हणाली. "आधी खुर्ची दे, माय."

ऋतुजानं दोन खुर्च्या ओढल्या आणि दोन पेले आणले. बिनतिखटाची, पातळ, गार अंबील.

"अगं, अजून त्या बसल्या नाहीत. नैवेद्य नाही झाला," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

वंदनाचा पेला तोवर अर्धा झाला होता. प्रत्येक घोटाला ती डोळे मिटत होती, पण पीत होती. चंद्रकलाबाईंनीही आपला पेला उचलला.

"ऋतुजा," पहिला घोट उतरल्यावर त्या म्हणाल्या, "वैभवला थांबव जरा. उद्या थोडा उशिरा ये म्हणावं. पूजा करून निघू."