शहात्तरचं एक्याऐंशी

मापकाकांच्या दुकानात शिरून "ती लाल सायकल द्या" असं म्हणायची सोय नव्हती. जुन्या रोड बाइक, बारीक चाकांच्या आणि खाली वळलेल्या हँडलच्या, भिंतीवर ओळीने टांगलेल्या असत. पण त्यांच्याकडे बघायच्या आधी गिऱ्हाइकाने बूट काढायचे, भिंतीला पाठ लावायची आणि जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक दोन्ही पायांमध्ये वर दाबून धरायचं. काका पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. मग सायकल ठरायची, आणि तीही काकाच ठरवायचे. हट्टी गिऱ्हाइकाला ते सरळ दार दाखवत. "बूट चावला तर माणूस बूट बदलतो," ते म्हणत, "सायकल चावली की माणूस सायकलच सोडतो." असं सुनावून एखादं गिऱ्हाईक घालवलं की त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जायचे.

त्या दुपारी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी बाई मोरपंखी रंगाची सायकल ढकलत आली, तेव्हा काकांनी बाईच्या आधी सायकल ओळखली. सीट पार खाली बसवलेली आणि होईल तेवढी पुढे सरकवलेली. टायरवरची नक्षी जशीच्या तशी. विकून नऊ वर्षं झालेली सायकल आणि जेमतेम वापरलेली.

"ओळखलंत का काका? तुमच्याकडूनच नेली होती," बाई म्हणाली. तिच्या कानांजवळचे केस आता पांढरे झाले होते. "विकून टाका बघू. घरात नुसती अडगळ झालीय."

"फारशी चालवली नाहीत, मॅडम."

"चालवली नाही म्हणजे, चालवता आली नाही." ती हसली. "तुम्ही नीट माप घेऊन दिलेली. माझंच शरीर नाठाळ."

आता इथे जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण काका स्वतः ती कुणाला सांगणार नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी ही मोरपंखी सायकल काकांनी स्वतःच्या हौसेने विकत घेतली होती. तिच्या रंगावर भाळून, जरा जास्तच मोजून. आठवड्यात खपेल असं घरी छातीठोकपणे सांगितलं होतं. आठ महिने झाले तरी ती भिंतीवरून हलेना. पाय लांब असलेल्याला रंग पसंत पडत नसे, आणि रंग पसंत पडणाऱ्याचे पाय पुरत नसत. काकू रोज दुपारी डबा घेऊन आल्या की आधी भिंतीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आहेत का महाराणी अजून? की माहेरी गेल्या?" बस, एवढंच. पण आठ महिने रोज एवढंच ऐकलं तर भला माणूससुद्धा बिथरतो.

त्याच दिवसांत ही बाई तिच्या थोरल्या बहिणीबरोबर आली. आल्याआल्या तिची नजर मोरपंखी रंगावर खिळली. ती भिंतीला टेकून उभी राहिली, पुस्तक वर दाबलं, काका खाली वाकले. टेपवर आकडा होता शहात्तर सेंटिमीटर. काकांनी मोठ्याने सांगितलं, "एक्याऐंशी!" तोंडातून शब्द गेला आणि तो मागे घ्यावा असं त्यांना वाटलंही. पण तोवर थोरली बहीण टाळ्या वाजवत म्हणाली होती, "बघ, तुझ्यासाठीच थांबली होती ही."

पुढचं सगळं त्यांच्या हातांनी केलं. सायकल दोन माप मोठी, म्हणून हँडल लांब पडत होतं. काकांनी हँडल पुढे धरणारा मूळचा दांडा काढला आणि एक आखूड दांडा बसवला. सीट खाली घेतली, पुढे रेटली. "सुरुवातीला जरा ओढल्यासारखं होईल," ते म्हणाले, "सवय झाली की कळणारही नाही." दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलेल्या काकूंनी रिकामा खिळा पाहिला आणि गप्प बसल्या. एवढ्यासाठी केलं त्यांनी ते. जन्मभर खऱ्याचा टेंभा मिरवला आणि बायकोला एक दिवस गप्प करायला विकला.

"बसा ना," काका आता म्हणाले. सांगून टाकायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. फक्त आधी सायकल पुसून घ्यावी. ते फडकं घेऊन बसले.

बाई स्टुलावर बसली. विकायला आणलेल्या वस्तूबद्दल माणूस जसा थोडं जास्तच बोलतो, तशी ती बोलत राहिली.

"ताईची हौस हो सगळी. म्हणाली, रविवारी सकाळी आपण दोघीच. नवरे नकोत, पोरं नकोत. धरणापर्यंत जायचं, भिंतीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचा, परत यायचं. चार रविवार गेले मी. तळहात बधिर व्हायचे. मान तर अशी आखडायची की सोमवारी लोकांचे डोळे तपासताना मलाच वाकता यायचं नाही. ताई पुढे जाऊन थांबायची, मी आपली मागून रडत-रखडत. जाड हातमोजे घेतले, सीटवर उशी बांधली, डॉक्टर झाले, व्यायाम झाले. काही उपयोग नाही."

"मग माझ्याकडे का नाही आलात?" काकांनी विचारलं आणि त्यांनाच स्वतःची लाज वाटली.

"तुमच्याकडे येऊन काय सांगू? तुम्ही मापात चुकत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. ताई पण तेच म्हणायची. मापकाकांनी दिलेली सायकल कशी दुखेल गं?" ती पुन्हा हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "मग मी कारणं द्यायला लागले. आज पाहुणे आहेत. आज दुकानात माल यायचाय. वर्षभर विचारलं तिने दर शनिवारी. नंतर सोडून दिलं."

काकांनी साखळीला तेल घातलं. तेल घालून झालं की सांगू.

"मागच्या वर्षी गेली ती," बाई म्हणाली. "शेवटी दवाखान्यात होती, तेव्हा एकदा हात धरून म्हणाली, तुला माझा कंटाळा यायचा, हो ना? मी म्हटलं, नाही गं, खरंच मान दुखायची. तर गोड हसली. लहान मुलाची थाप ऐकून हसतो ना आपण, तसं."

आता तर सांगायलाच हवं होतं. आणि आता सांगणं अर्ध्या तासापूर्वीपेक्षा दसपट कठीण झालं होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काका, माझ्या मापाचं आलं का काही?"

शाळेत गणित शिकवणारे मास्तर होते. बाईपेक्षा चांगले वीतभर उंच. सहा महिने ते दर आठवड्याला चक्कर मारत होते आणि हात हलवत परत जात होते. त्यांची नजर मोरपंखी सायकलीवर पडली आणि तिथेच राहिली.

"ही कितीची आहे?"

"मास्तर, उद्या या तुम्ही," काका म्हणाले.

"अहो, उद्या कशाला?" बाई उठून उभी राहिली. "विकायलाच आणलीय मी. बसून बघा ना."

मास्तर बसले. सीट एवढी खाली की त्यांचे गुडघे पोटाला लागायला आले. बाईला हसू फुटलं, मास्तरांनाही. काका हसले नाहीत, पण त्यांचे हात गप्प बसेनात. चाळीस वर्षांची सवय. माणूस सायकलीवर वाकडा बसलेला दिसला की त्यांचे हात आपोआप पान्याकडे जात. त्यांनी सीट वर घेतली, मागे सरकवली. मास्तरांना पुन्हा बसवून लांबून बघितलं. पाठ अजून आखडलेली होती, हँडल फार जवळ येत होतं. ते गल्ल्याखालच्या खणाकडे गेले, मागचा एक डबा पुढे ओढला आणि त्यातून एक लांब दांडा काढला. आखूड दांडा काढून तो बसवला, पेच आवळले. मास्तर बसले आणि सायकल आणि माणूस एक झाल्यासारखे दिसले. किती सुंदर दिसतंय, असं काकांना एक क्षण वाटून गेलं. मग त्यांनी बाईकडे पाहिलं.

ती दांड्याकडे बघत होती. दांडा मोरपंखी रंगाचा होता.

"हा याच सायकलचा आहे," ती म्हणाली.

काकांनी पाना खाली ठेवला.

"मग माझ्या वेळी का काढला होता?"

मास्तर भाबडेपणाने म्हणाले, "एकदम परफेक्ट बसतेय हो मला! जणू माझ्यासाठीच..." आणि दोघांचे चेहरे बघून त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"काका, यांचं माप किती?"

"एक्याऐंशी."

"आणि माझं?"

टेप काकांच्या गळ्यातच होता. तिला परत भिंतीला टेकवून मोजायची गरज नव्हती. "शहात्तर," ते म्हणाले. "शहात्तरच होतं. मी एक्याऐंशी सांगितलं. सायकल खपत नव्हती म्हणून. मघाशी तुम्हाला सांगणार होतो मी."

यातलं शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. तिने ते ऐकलंही नसावं. मास्तर खाली उतरले, घसा खाकरून म्हणाले, "मी जरा चौकापर्यंत चालवून बघतो," आणि सटकले.

बाईने पर्स काखेला लावली. काकांना वाटलं, आता ही चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं.

"आमच्याकडे नंबर चुकला ना," ती शेवटी म्हणाली, "तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो. मी चष्मा हातात घेते, पुन्हा डोळे तपासते आणि म्हणते, चूक आमची. एकाही माणसाला मी म्हटलं नाही की तुमचे डोळेच खराब." तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, मीच अशी. नऊ वर्षं."

"चुकलो मी," काका म्हणाले. "फार चुकलो." दुसरं काय म्हणणार? त्यांनी आकडीने वरची एक राखाडी सायकल खाली उतरवली. तिच्या मापाची. हवा बघितली, सीट तिच्या कमरेशी धरून अंदाज घेतला आणि पेच आवळला. काहीतरी द्यावं म्हणून केलं त्यांनी ते. दुसरं द्यायला त्यांच्याकडे होतंच काय? "एकदा बसून बघा. मला द्यायचं घ्यायचं काही नाही. फक्त बसून बघा."

ती नाही म्हणेल असं त्यांना वाटलं. पण तिने पर्स स्टुलावर ठेवली, पाय टाकला आणि निघाली. काका दारात आले. गल्ली लांबलचक आणि सपाट होती. पहिल्या चार-पाच पायडलांना ती जुन्या सवयीने खांदे आवळून बसली होती. मग खांदे खाली आले. कोपर सैल झाले. गल्लीच्या टोकाला ती वळली, दुकानापाशी आली आणि थांबायच्याऐवजी तशीच पुढे गेली. काकांनी तिला दोनदा येताना आणि दोनदा जाताना पाहिलं. मागून बघितलं तर एखादी शाळकरी पोर वाटली असती.

तिसऱ्यांदा ती दुकानापाशी थांबली. चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता, आणि ती हसत होती. खरंखुरं, डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू. "काहीच करावं लागत नाही हो," ती म्हणाली. "आपली आपण जाते." तिने दोन्ही तळहात समोर धरून बघितले, उघडले, मिटले. मग तळहातांकडे बघता बघताच तिचं हसू गेलं.

"घेऊन जा ही," काका म्हणाले. "हात जोडतो तुमच्यापुढे. घेऊन जा. रविवारी सकाळी धरणापर्यंत..."

"कुणाबरोबर?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता तो. सायकलीच्या हँडलवर हात ठेवून तिने खरंच विचारलं होतं, आणि काकांच्या तोंडाकडे बघत ती उत्तराची वाट पाहत उभी होती.