खुर्चीवरचा कोट

मी कोट बोलतोय. करडा, तीन बटणांचा, त्यातलं मधलं बटण दुसऱ्याच कोटाचं. शाळेची पायरी मी चढलेलो नाही, तेव्हा गोडगोड बोलणं माझ्याकडून होणार नाही. ऐकायचं तर ऐका.

मला एका म्हाताऱ्या शिंप्याने शिवलं. तोंडात टाचण्या धरून बोलायचा, निम्मं समजायचं नाही. माझा मालक तेव्हा नुकता नोकरीला लागलेला पोरगा होता. "खांदे जरा सैल ठेवलेत," शिंपी म्हणाला. "नोकरीत माणूस भरतो." पोरगा हसला. पोटापासून हसायचा तेव्हा, माझं अस्तर हलायचं. शिंप्याचा अंदाज साफ चुकला. माणूस भरला नाही, आटला.

मालकाचं काम इमारतींचे नकाशे तपासायचं. कुठला नळ कुठल्या भिंतीतून जाणार, सांडपाणी कुठून उतरणार. एक रेघ चुकली की कुणाच्या तरी डोक्यावर छत गळणार. आधी त्याला त्यात गोडी होती. मग कचेरीने माणसं कमी केली आणि नकाशे वाढवले. कुणी काहीही आणून टाको, हा म्हणायचा, "बघतो." जीभ अडली असती तर बरं झालं असतं.

त्या कचेरीची एक रीत होती. खुर्चीवर कोट असला की माणूस हजर. साहेब काचेच्या खोलीतून मान वर करायचे, कोटांवरून नजर फिरवायचे आणि समाधानाने मान खाली घालायचे. तोंडं बघायची त्यांना सवयच नव्हती. मग काय, सगळेच शहाणे झाले. कोट मागे ठेवायचा आणि घरी सटकायचं. थंडीत कुडकुडत जातील, पण कोट नेणार नाहीत! या अकलेपुढे मी कधीच हात टेकले, आणि हात माझे रिकामेच असतात.

मालक असलं करत नसे. पण एका दुपारी उठला, मला खुर्चीला अडकवलं आणि निघून गेला. परत आला तेव्हा पाठीला भिंतीचा चुना.

"कुठे होतास रे?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने विचारलं.

"जिन्यात."

"काय करत होतास?"

"काही नाही."

खरंच सांगत होता. मग रोजच जायला लागला. पूर्वी साहेबांनी हाक मारली की त्याची छाती माझ्याआड धडधडायची. आता काही म्हणजे काही हलत नसे. मला वाटलं, सावरला गडी. मी कापड, मला काय कळणार.

एके दिवशी जिन्यात गेला तो आलाच नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही. साहेब फोनमध्ये डोळे घालून आले, माझ्यापुढे नकाशांची गुंडाळी टाकली, "आजच हवंय हं," म्हणाले. कुणाला? मला! दुसऱ्या दिवशी आणखी गुंडाळ्या. "होईल ना रे?" मी गप्प. "गुणी आहे, उलटून बोलत नाही," म्हणत पुढे गेले.

मग टेबलावरचा फोन वाजला. चष्मेवालीने घेतला. मालकाची बायको होती, आवाज असा खणखणीत की मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"डॉक्टरांची चिठ्ठी द्यायचीय, त्याच्या रजेसाठी. कुणाकडे देऊ?"

"रजा? अहो वहिनी, तो आलाय की. कोट आहे ना खुर्चीवर. असेल इथेच कुठेतरी."



"मग कालपासून माझ्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलाय तो कोण?"

चष्मेवाली फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. त्या कचेरीत मला कुणीतरी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

दुपारी बायको स्वतः आली. साहेब म्हणाले, "वहिनी, आधी सांगायचं तरी. त्याच्यावाचून काम अडलंय."

"अडलं असतं तर तो नाही हे तुम्हाला कळलं असतं," ती म्हणाली आणि मला खुर्चीवरून ओढून घेतलं.

चष्मेवाली जिन्यापर्यंत आली. "मला दिसत होतं हो. मी नीट विचारलं नाही."

"मी तरी कुठे विचारलं?"

घरी मला झोपायच्या खोलीत दारामागच्या खुंटीला टांगलं. रजा लांबली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपू द्या, रोज थोडं चालायला न्या, कामाचे फोन बंद, आणि घाई करू नका. तो झोपायचा, चालून यायचा, पुढ्यात येईल ते खायचा. रडणं नाही, चिडणं नाही. मुलगी पायाशी येऊन बसायची. "बाबा, गोष्ट सांग ना." "बघतो." ती जरा वाट बघून उठून जायची. एकदा बायको म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे. तू कुठे गेलायस ते सांग."

"इथेच तर आहे."

"नाहीस."

मी खुंटीवरून दोघांकडे बघायचो. माझ्यात आणि त्याच्यात फारसा फरक उरला नव्हता.

किती दिवस असं चाललं, मी मोजलं नाही. मग एकदा जेवताना त्याचा आवाज आला.

"भाजीत मीठ नाही."

"काय म्हणालास?"

"मीठ. घातलंच नाहीयेस."

बाई हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. लगेच बहिणीला फोन. "अगं, जेवणाला नावं ठेवली त्याने!" दुसऱ्या घरी यावरून भांडण झालं असतं.

पुढे तो कामावर जायला निघाला. मला खुंटीवरून काढलं, एक हात बाहीत घातला, थांबला आणि काढून घेतला.

"थंडी आहे बाहेर," बायको म्हणाली.

"असू दे. मी उठून गेलो की खुर्ची रिकामी दिसली पाहिजे."

"आणि गुंडाळ्या आणून टाकल्या तर?"

"बघ..." म्हणाला आणि मध्येच गप्प झाला. मग म्हणाला, "नाही म्हणेन."

आता मी कपाटात आहे. डांबरगोळ्यांचा वास, डाव्या बाहीला कसर लागलेली. तो सुधारला का, असं मला विचारू नका. अजून पोटापासून हसत नाही. पण संध्याकाळी सदरा ठेवायला कपाट उघडतो तेव्हा त्याच्यामागे खिडकीत उजेड असतो. असा उजेड असताना तो घरी आलेला मी कधी पाहिला नव्हता.

तुम्हीही आपापले कोट घरी न्या. आमच्याने तुमची कामं होत नाहीत. आणि दार लावून घ्या, वास जातोय.